सॉसेज, करडई आणि शुक्रवारचे जेवण : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सदनिका ३०२, बुधवार, रात्री ९.४०
सर्वांना नमस्कार. एका फसलेल्या पदार्थाविषयी सल्ला हवा आहे. माझी भाची शिक्षणासाठी दोन वर्षे इटलीत नेपल्सला होती आणि सध्या सुट्टीत आमच्याकडे आली आहे. तिकडे सॉसेज आणि कडवट पालेभाजी एकाच कढईत परतून पावाबरोबर खातात, ते तिला करून द्यावे म्हणून मी आज चिकन सॉसेजचे तयार पाकीट आणले, त्याच्या चकत्या तळल्या आणि त्यात दोन जुड्या पालक घातला. पालकाला इतके पाणी सुटले की भाजीची आमटी झाली आणि सॉसेज मात्र रबरासारखे राहिले. भाचीने निमूटपणे खाल्ले, तेच अधिक लागले. यात नेमके काय चुकले असावे?

सदनिका ४०५, बुधवार, रात्री १०.०५
ताई, मी अकरा वर्षे प्रवासी बोटीच्या भटारखान्यात काम केले आहे आणि नेपल्सच्या बंदरात हा पदार्थ अनेकदा खाल्ला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या दोन्ही वस्तू चुकल्या. पाकिटातले सॉसेज बहुधा अगदी गुळगुळीत वाटलेल्या मांसाचे आणि आधीच शिजवलेले असते, त्यामुळे ते पुन्हा तळले की फक्त कोरडे होते, त्यातून चरबी किंवा मसाला भाजीत उतरत नाही. तिकडचे सॉसेज, ज्याला ते ‘साल्सिच्चा’ म्हणतात, ते कच्चे असते : जाडसर चिरलेले डुकराचे मांस, चांगली पाव हिश्श्याइतकी चरबी, मीठ, मिरी आणि प्रांताप्रमाणे लसूण, लाल मिरची किंवा बडीशेप. ‘इटालियन सॉसेज’ हे नाव मुख्यतः अमेरिकेतले असून तिथे त्यात बडीशेप हवीच असे मानतात. इटलीत त्याला इटालियन म्हणण्याचे कारणच नाही, जसे आपण सोलापुरात शेंगाचटणीला सोलापुरी म्हणत नाही.

राहिली भाजी. तिला नेपल्समध्ये ‘फ्रियारिएल्ली’ म्हणतात. ती सलगमच्याच जातीची असून तिची कोवळी पाने आणि न उमललेले कळे खातात. तिचा कडवटपणा हाच त्या पदार्थाचा कणा आहे, कारण चरबीचा जडपणा तोच कापतो. पालकात कडवटपणा नाही आणि पाणी भरपूर आहे, म्हणून तिथे पालक चालत नाही.

सदनिका २०३, बुधवार, रात्री १०.२०
मग गोव्याचे चोरिस, म्हणजे तिकडचे सॉसेज, आणले तर काम सोपे होणार नाही का? आमचे मेव्हणे पुढच्या आठवड्यात येणार आहेत, ते सहज आणू शकतील.

सदनिका ४०५, बुधवार, रात्री १०.२८
चोरिस मला अतिशय आवडते, पण ते येथे योग्य नाही. त्यात व्हिनेगर आणि लाल मिरचीचा जोर इतका असतो की भाजी कोणती घातली हे कळतसुद्धा नाही. ते पावात किंवा बटाट्याबरोबर शोभते.

सदनिका ३०२, बुधवार, रात्री १०.३५
काका, आमच्याकडे डुकराचे मांस चालत नाही. चिकनच्या खिम्याचे करता येईल का? आणि कडवट भाजी म्हणजे मेथी घ्यावी का?

सदनिका ४०५, बुधवार, रात्री ११.००
करता येईल, मात्र छातीचा खिमा घेऊ नका, त्यात चरबी नसते. खाटकाला मांडीचे मांस कातडीसकट जाडसर करून द्यायला सांगा. ५०० ग्रॅम खिम्याला ९ ग्रॅम मीठ म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, दोन चमचे जाडसर कुटलेली बडीशेप, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा मिरी, एक चमचा लाल मिरचीचे तुकडे आणि दोन-तीन मोठे चमचे अगदी थंड पाणी. हे हाताने दोन-तीन मिनिटे इतके मळा की खिमा बोटांना चिकटू लागेल. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटतात आणि नंतर त्यांचीच पकड बसते, म्हणून मळण्यात कंजुषी करू नये. रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवा. आतड्याच्या वेष्टनाची काही गरज नाही, इटलीतही पुष्कळ घरांत वेष्टन काढून टाकून खिमाच कढईत फोडतात.

मेथी घेतली तर चांगले होईल, पण ते आपल्या मेथी-खिम्याच्या फार जवळ जाईल. वेगळेपण हवे असल्यास मुळ्याचा किंवा मोहरीचा पाला बघा.

सदनिका १०४, गुरुवार, सकाळी ६.५०
रात्रीची चर्चा आता वाचली. मी मांसाहार करत नाही, परंतु पालेभाजीच्या बाबतीत गप्प बसवत नाही. सोलापुरात राहून मोहरीचा पाला शोधत फिरायचे कारण काय? सध्या लक्ष्मी मंडईत करडईची कोवळी भाजी आली आहे. शेतात करडई दाट उगवली की विरळणी करताना जी रोपे उपटतात, त्यांचीच ही जुडी असते, आणि झाड मोठे होऊन पानांना काटे आले की ती खाण्याजोगी राहत नाही, म्हणून मिळते आहे तोवर घ्यावी. ती किंचित कडवट आणि उग्र असते. आमच्या सासूबाई तिला भरपूर लसणाशिवाय फोडणीत घालूच देत नसत. निवडताना जाड देठ काढ, आणि चिरण्याआधी धू, चिरल्यावर नाही.

सदनिका ४०५, गुरुवार, सकाळी ७.३०
आजी, करडई मला सुचायला हवी होती. याहून योग्य भाजी या गावात मिळणार नाही. आता एकच विनंती करतो : खारट उकळत्या पाण्यात ती दोन मिनिटे टाकून, निथळून आणि पिळून मग कढईत घालावी, म्हणजे उग्रपणा कमी होतो आणि कढईत पाणी सुटत नाही.

सदनिका १०४, गुरुवार, सकाळी ७.४५
भाजीचे पाणी पिळून टाकायचे म्हणजे तिचा सगळा जीव काढून टाकायचा आणि चोथा वाढायचा. कोवळी असेल तर उघड्या कढईत मोठ्या आचेवर परतली की पाणी आपोआप आटते. झाकण ठेवले तरच ती पाण्यात बसते.

सदनिका ४०५, गुरुवार, सकाळी ८.१०
आजींचे म्हणणे नेपल्सच्या पद्धतीशी जुळते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण तिकडे फ्रियारिएल्ली न उकडता थेट तेलात टाकतात. उकडण्याची चाल पुल्या प्रांतातली आहे. तिथे ही भाजी आणि कानाच्या आकाराचा ‘ओरेक्किएत्ते’ पास्ता एकाच पाण्यात उकळतात. तेव्हा भाजी कोवळी असल्यास आजींचे ऐकावे आणि जून असल्यास माझे. लसणाबाबत मात्र मी माघार घेणार नाही. आपल्या फोडणीसारखा तो कडकडीत तेलात टाकू नये. थंड तेलात ठेचलेला लसूण घालून मंद आचेवर चढवावा आणि जेमतेम सोनेरी झाला की पुढचे काम सुरू करावे. तपकिरी झालेला लसूण कडवट होतो, आणि कडवटपणा आपल्याला भाजीचा हवा आहे, लसणाचा नाही. ऑलिव्ह तेल नसेल तर करडईचे तेल वापरा. तेही करडईचे आणि भाजीही करडईची, यात मला तरी मौज वाटते.

सदनिका १०१, गुरुवार, सकाळी ९.१५
अन्नसुरक्षेबाबत एक सूचना करावीशी वाटते, कारण मी हा विषय महाविद्यालयात शिकवते. अखंड मांसाचे जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, पण खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात, त्यामुळे वरून खरपूस दिसणारा गोळा आतून कच्चा राहिला तर धोका असतो. चिकनचा खिमा आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे (डुकराच्या खिम्याला ७१ अंश पुरतात). घरी तापमापी नसेल तर खिमा मोठे गोळे न ठेवता फोडून परतावा आणि कुठेही गुलाबी दिसणार नाही याची खात्री करावी. कच्च्या खिम्याची चव घेऊन मीठ बघू नये, एक लहान वडी तळून मग चाखावी.

सदनिका ५०२, गुरुवार, सकाळी ९.४०
आम्ही शाकाहारी आहोत. हाच प्रकार खिम्याशिवाय होतो का?

सदनिका ४०५, गुरुवार, सकाळी १०.००
होतो आणि इटलीतही होतो. उकडलेला पांढरा राजमा घ्या, लसणाच्या तेलात बडीशेप आणि मिरची टाकून त्यात तो थोडा चेचत परता आणि वर भाजी घाला. चेचलेल्या राजम्यामुळे चरबीची उणीव बऱ्यापैकी भरून निघते.

सदनिका ३०२, शुक्रवार, रात्री ९.२०
आज तीन जुड्या करडई मिळाली, कोवळी होती म्हणून उकडली नाही. खिमा आधी एकट्याने परतून बाजूला काढला, त्याच कढईत सुटलेल्या चरबीत तेल घालून लसूण मंद आचेवर तापवला आणि भाजी तीन वेळा थोडी थोडी करून टाकली, कारण एकदम टाकल्यावर कढई थंड होऊन पाणी सुटते हे बुधवारी कळून चुकले होते. भाजी बसल्यावर खिमा परत मिसळला. पाणी अजिबात राहिले नाही. पाव आणायचे विसरले, म्हणून मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी चुरून घेतली. भाचीचे म्हणणे असे की, फ्रियारिएल्लीचा कडवटपणा जिभेच्या मागे रेंगाळतो आणि करडईचा लगेच जातो, तेवढाच फरक आहे, आणि तिने दोनदा वाढून घेतले.

सदनिका १०४, शुक्रवार, रात्री ९.३५
बरे झाले. पुढच्या वेळी वेगळ्या कढईत आधी नुसती भाजी कर, बडीशेप आणि लसूण तेवढा घाल, आणि खिम्याचा चमचा तिला लागण्यापूर्वी माझी वाटी काढून ठेव. मी नातवाला पाठवते.