‘इंटरप्ट’ला व्यत्यय म्हणावं का?

निपाणीहून प्रश्न: मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आलेल्या मुलांना संगणकशास्त्र शिकवतो. पुस्तक इंग्रजी. प्रोसेसर आणि कीबोर्ड-प्रिंटर यांच्यातली देवाणघेवाण समजावताना ‘इंटरप्ट’ला मी ‘व्यत्यय’ म्हणतो. मुलं विचारतात, ‘सर, मग तो बंद का करत नाहीत?’ दुसरा शब्द आहे का?

बेळगाव: मुलांचं बरोबर आहे. व्यत्यय म्हटलं की काहीतरी बिघडलं असंच वाटणार. कन्नडात ‘अडचणे’ म्हटलं तरी तीच गत. मी ‘वर्दी’ सुचवेन. नेमकं काय घडतं ते बघा की. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेला तो गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड घ्या. त्यावर ‘के’ची कळ दाबली की कीबोर्ड कंट्रोलरकडे एक आकडा जमा होतो आणि १ क्रमांकाच्या इंटरप्ट लाइनवरून प्रोसेसरला वर्दी जाते. प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलं याची नोंद ठेवतो, ठरलेला छोटा प्रोग्रॅम चालवतो, पोर्टवरून ३७ हा आकडा वाचतो आणि मूळ कामाला लागतो. कळ सोडली की पुन्हा वर्दी. या वेळी आकडा १६५, म्हणजे ३७ अधिक १२८. यात बिघडलं काहीच नाही.

जाता जाता: इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीत याच कळेवर मराठी ‘क’ आहे आणि कन्नड ‘क’सुद्धा. कंट्रोलरला सीमावाद ठाऊक नाही, तो ३७ देऊन मोकळा. अक्षर कोणतं ते ऑपरेटिंग सिस्टिम मागाहून ठरवते.

खानापूर: वर्दी पटली, पण यूएसबीला जपून लावा. तिथे उपकरण आपणहून बोलतच नाही. संगणकातला होस्ट कंट्रोलर ठरावीक वेळानं विचारत राहतो, ‘आहे का काही?’ साध्या कीबोर्डला बहुधा दर ८ मिलिसेकंदांनी. आणि या प्रकाराचं अधिकृत नाव काय, तर ‘इंटरप्ट ट्रान्सफर’! हे सरळसरळ पोलिंग झालं. त्याला ‘विचारणा’ म्हणा. ‘मतदान’ तेवढं नको.

बेळगाव: विचारणा चालेल. पण कीबोर्डकडून काही मिळालं की तोच होस्ट कंट्रोलर प्रोसेसरला वर्दी देतो. म्हणजे तारेवर विचारणा, पेटीच्या आत वर्दी.

निपाणी: आणि डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस?

बेळगाव: ‘परस्पर’. रविवार पेठेत शेठ गादीवर हिशेब करत असतो आणि हमाल ट्रकमधली पोती परस्पर गोदामात लावतात. शेवटचं पोतं पडलं की सांगायला येतात. डिस्कवरचा डेटा मेमरीत तसाच जातो. कुठे ठेवायचा आणि किती, एवढं प्रोसेसर आधी सांगून ठेवतो. सगळा उतरला की एक वर्दी. बाइटगणिक वर्दी यायला लागली तर प्रोसेसरला दुसरं काही सुचणार नाही. ‘थेट’पेक्षा ‘परस्पर’ नेमका, कारण मधल्याला वगळून हा अर्थ त्यात आपसूक येतो. परीक्षेत मात्र डीएमएच लिहायला सांगा.

खानापूर: बफरला शब्द शोधत बसू नका. प्रिंटर सावकाश, प्रोसेसर घाईत, म्हणून मधे डेटा थांबायला राखलेली जागा, एवढं सांगितलं की झालं. व्हिडिओ अडकला की ‘बफर होतोय’ म्हणतात ती पोरं, शब्द त्यांच्या तोंडात आधीच आहे.