मदत हवी आहे: आयर्लंडमधील क्लेअर परगण्यातील शेतकरी कुटुंबांविषयी

सप्रेम नमस्कार. मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यातील लहान शेतकऱ्यांच्या घरसंसारावर मराठीत एक लेख लिहीत आहे. १९३०च्या दशकात आरेन्सबर्ग आणि किम्बल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी तेथील खेड्यांत राहून जे नोंदवले, ते वाचताना मला वारंवार आपली गावे आठवतात. शेत एकाच मुलाच्या नावे होई, त्याचे लग्न ठरले की म्हातारे आईबाप घराच्या पश्चिमेकडील खोलीत राहायला जात आणि उरलेल्या भावंडांपैकी बहुतेकांना परदेशाची वाट धरावी लागे. अंड्यांचे पैसे मात्र घरच्या बाईच्या हाती राहत.

१९११च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ तक्ते मी पाहिले. घराच्या दर्शनी भिंतीला खिडक्या किती, हेही त्यांत नोंदलेले आहे, आणि विवाहित स्त्रीपुढे दोन आकडे आहेत: जिवंत जन्मलेली मुले आणि आज हयात असलेली मुले. त्या दोन आकड्यांतील अंतर पाहून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

माझी अडचण शब्दाची आहे. कापणीला किंवा गवत वाळवायला शेजारी आणि नातलग मजुरी न घेता एकमेकांकडे जात. त्याला आयरिश भाषेत ‘मेहल’ म्हणतात. यासाठी ‘इर्जिक’ योग्य ठरेल की ‘सावड’? ज्यांच्या घरी ही पद्धत प्रत्यक्ष चालत असे, त्यांनी दोहोंतील फरक आपल्या भागाच्या उल्लेखासह कृपया सांगावा.