कर्ज माफ झालं की कुणीतरी फेडलं? ख्रिस्ती तारणाबद्दल एक शंका

विषमभुज (धागाकर्ता)

सध्या बायबल वाचतोय. श्रद्धेपोटी नाही, कुतूहलापोटी. शुभवर्तमानांवरून, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांवरून, आद्य प्रचारक पौलाच्या पत्रांवर आलो आणि तिथे अडकलो.

मला समजलेली मांडणी अशी. सगळ्या माणसांनी पाप केलंय आणि 'पापाचे वेतन मरण आहे' (रोमकरांस पत्र 6:23). देव न्यायी, म्हणून शिक्षा चुकत नाही. देव प्रेमळ, म्हणून ती आपल्याला द्यायची नाही. मग निष्पाप येशूने ती स्वतःवर घेतली, आणि जो त्याच्यावर विश्वास ठेवेल त्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका.

माझ्यावर तुमचं कर्ज आहे असं धरा. तुम्ही एक तर ते सोडून द्याल, नाही तर माझ्या वतीने दुसरा कुणी फेडेल. पै न पै वसूल झाल्यावर 'माफ केलं' असं तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणाल? ही शंका माझ्या डोक्यातून आलेली नाही. फाउस्तुस सोकिनुस नावाच्या इटालियन विचारवंताचा यावरचा ग्रंथ 1594 साली छापला गेला.

त्यात पाप हे धड कर्जही नाही. दंड दुसऱ्याने भरला तर चालतो, फाशी दुसऱ्याने घेतलेली कुठल्या न्यायाधीशाला चालेल? बापाच्या पातकाचा भार मुलगा वाहणार नाही, जो पाप करील तोच मरेल, असं बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. आणि येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत, वाटा उडवून घरी परतणाऱ्या पोराचा बाप तर काहीच मागत नाही. मुलगा लांब असतानाच धावत सुटतो. त्या गोष्टीत वधस्तंभ (येशूला मारलं तो क्रूस) कुठे आहे?

माझं मत: क्षमा खरी असेल तर वधस्तंभाची गरज नव्हती. गरज होती असं म्हणाल तर ती क्षमा नव्हे, वसुली.

(अवांतर: 'तारण' हा शब्द मी आजवर फक्त कर्जाच्या कागदांवर वाचला होता. योगायोग म्हणावा का?)

निर्मळा

मी ख्रिस्ती आहे, तेव्हा बाजू उघड आहे. असहमत.

तुमच्या हिशोबात माणसं तीन: सावकार, कर्जदार आणि रस्त्यावरून पकडून आणलेला कुणी भला माणूस. आमच्या श्रद्धेत तिसरा माणूस नाहीच. येशू हा देवच. म्हणजे फेडणारा कोण, तर ज्याचे पैसे बुडाले तोच.

कर्ज माफ झालं की ते पैसे जातात कुठे, याचा विचार करा. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूच्या गोष्टीतला राजा नोकराचं अवाढव्य कर्ज सोडून देतो. ते राजाला परत मिळालं का? बुडालं. माफी कधीच फुकट नसते, तिची झळ माफ करणाऱ्याला बसते. उधळ्या मुलाच्या बापालाही बसलीच. अर्धवट वयाच्या पोराने आपला वाटा उडवलेला, आणि थोरला भाऊ दारात उभा राहून तोच हिशोब काढतोय. जवळच्या एका माणसाने मला फसवलं होतं. त्याला माफ केलं त्या दिवशी तो सुटला, मी नाही सुटले. मला पुढे कित्येक वर्षं ते पचवावं लागलं. वधस्तंभ म्हणजे देवाला बसलेली ती झळ, आपल्या डोळ्यांना दिसलेली.

अडाणी_आनंदी

मरताना 'चुकलो' म्हणणारा खुनी आत आणि जन्मभर सरळ वागलेला नास्तिक बाहेर, हे एकदा कुणीतरी समजावून द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

विषमभुज

निर्मळाताई, राजाचा मुद्दा मान्य. सुरेख सांगितलात. पण झळ सोसणं वेगळं आणि शिक्षा भोगणं वेगळं. पुष्कळ प्रवचनांत 'देवाचा कोप येशूवर पडला' असं ऐकायला मिळतं. तुम्ही ज्याला माफ केलंत त्याच्या वाटच्या छड्या स्वतःच्या हातावर मारून घेतल्या नाहीत ना?

जुना_करार

तुम्ही दोघं एकाच सिद्धांतावरून भांडताय आणि तो काही पहिल्या दिवसापासूनचा नाही. जरा मागे जाऊ.

मार्क 10:45 मध्ये येशू म्हणतो की तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय. मराठी बायबलात शब्दच खंडणी आहे. मग पहिली काही शतकं प्रश्न हा, की खंडणी दिली कुणाला? त्या काळचा धर्मपंडित ओरिगेन म्हणाला, सैतानाला. निस्साच्या ग्रेगरी या बिशपाने तर गळाला लावलेल्या आमिषाची उपमा दिली: देह हे आमिष, देवत्व हा गळ, सैतान मासा. त्याचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यावर भडकला. दरोडेखोराला खंडणी मिळावी हे लाजिरवाणं, असं त्याचं म्हणणं. आणि पित्याला दिली म्हणावं तर ज्याने अब्राहामाकडून त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी घेतला नाही, तो स्वतःच्या पुत्राचा कसा घेईल?

पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस अॅन्सेल्म हा धर्मपंडित आला. त्याच्या काळी समाज सरंजामी, त्यामुळे पाप म्हणजे धन्याच्या मानाचा भंग आणि उपाय म्हणजे त्या मानाची भरपाई. नीट पाहा: त्याच्या मते भरपाई किंवा शिक्षा, दोन्हींपैकी एक. येशूने भरपाई केली, म्हणून शिक्षा टळली. 'येशूने आपली शिक्षा भोगली' हे आज परिचित असलेलं रूप ठळक झालं सोळाव्या शतकात. ते मांडणाऱ्या धर्मसुधारक कॅल्विनचं शिक्षण कायद्याचं होतं, हे इथे विसरू नये. मधल्या काळात आबेलार हा विचारवंत म्हणून गेला की वधस्तंभ देवाचं मन बदलायला नाही, आपलं बदलायला आहे.

निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे चर्चच्या जुन्या श्रद्धेच्या कबुलीत, 'आमच्यासाठी आणि आमच्या तारणासाठी' एवढंच आहे. कसं, ते नाही. तेव्हा विषमभुज, तुमचा वार एका खोलीवर आहे, अख्ख्या घरावर नाही.

अडाणी_आनंदी

म्हणजे औषध लागू कसं पडतं ते दोन हजार वर्षांत ठरलं नाही, घ्यायचं मात्र सगळ्यांनी.

जुना_करार

अॅस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे. ते काम कसं करतं हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवलं. तोवर लोक डोकं धरून बसले नव्हते.

अडाणी_आनंदी

ताप उतरला की नाही ते मोजता यायचं, गुरुजी.

उंबरठा

तुम्ही सगळे वधस्तंभापाशी थांबलात. माझी अडचण त्याच्या पुढची आहे.

मी याच श्रद्धेत वाढले, आता त्यात नाही. नऊ वर्षांची असताना रात्र रात्र जागी राहायचे, कारण माझी सगळ्यात लाडकी मैत्रीण ख्रिस्ती नव्हती. ती कायमची जळणार आणि मी वरून बघणार? मोठ्यांना विचारलं तर म्हणाले, तिच्यासाठी प्रार्थना कर. म्हणजे जबाबदारी पण माझ्यावरच.

साठसत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला अनंत काळाची शिक्षा कशी, यावर ठरलेलं उत्तर असं की देव अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचा अपराधही अनंत. हा तोच सरंजामी हिशोब झाला. ज्याचा अपराध केला तो जितका मोठा, तितकी शिक्षा जबर. माणसांच्या कोर्टातून आपण हे हद्दपार केलं आणि देवाच्या कोर्टात ठेवलं.

मोठेपणी वाचलं की नरकासाठी येशूच्या तोंडी येणारा 'गेहेन्ना' हा शब्द यरुशलेमेलगतच्या हिन्नोमच्या दरीवरून आलाय. तिथे लोक आपली मुलं आगीत होमत, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, देव म्हणतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ज्या आगीची देवाला किळस आली तिचंच नाव पुढे त्याच्या शिक्षेला मिळालं. हे मला एकाही उपदेशात ऐकायला मिळालं नाही. तरी पळवाट काढणार नाही. मत्तय 25:46 मध्ये 'सार्वकालिक शिक्षा' हे शब्द आहेतच.

निर्मळा

उंबरठा, तुझं वाचून पोटात तुटलं. नऊ वर्षांच्या पोरीला असं कुणी सांगू नये. मी नरक म्हणजे भट्टी मानत नाही. ज्याला देव नकोच आहे त्याच्या गळ्यात देव स्वतःला बांधत नाही, एवढंच मी मानते. शेवटी सगळेच परत येतील अशी आशा तर वर आलेल्या त्या मासा-गळवाल्या ग्रेगरीलाही होती.

जुना_करार

भर घालतो. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये लिहून ठेवलंय.

उंबरठा

आमचा पंथ वेगळा होता. पण कुठल्या का पंथात होईना, हे ठरलेलं आहे असं तेव्हा कुणी कानात सांगितलं असतं, तर मी झोपले असते.

निर्मळा

अडाणी, तुमचा खुनी राहिला होता. मराठीत पाप म्हटलं की पाठोपाठ पुण्य येतं. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च. आमच्याकडे पुण्याचा रकानाच नाही. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'हमार्तिया', त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. नेम तुमचाही चुकलाय, माझाही, खुन्याचाही. येशूबरोबर टांगलेल्या ज्या चोराला त्याने स्वर्गाचं वचन दिलं, त्याच्याकडे जमेला काय होतं? आणि नास्तिक बाहेरच राहील, हे मी ठरवत नाही. ते माझं कामच नाही.

अडाणी_आनंदी

रकाना नाही म्हणता, मग पौल 'वेतन' कशाचं वाटतोय?

(हे कुचकट वाटलं तर सोडून द्या, पण उत्तर हवंय.)

निर्मळा

त्याच ओळीचा उत्तरार्ध वाचा. मरण हे वेतन आणि जीवन हे कृपादान. कमावलेलं ते मरण, न कमावता मिळालेलं ते जीवन.

विषमभुज

हे मी वाचलं होतं पण असं वाचलं नव्हतं. वसुली हा माझा शब्द सगळ्या ख्रिस्ती विचाराला लागू पडत नाही, हे मान्य. कोप-बिप सांगणाऱ्यांना मात्र तो लागू ठेवतो.

शेवटचं एक, निर्मळाताई. झळ सोसणारा देवच असेल, तिसरा माणूस नसेल, तर वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे कोण कुणाला म्हणतंय?

निर्मळा

ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ते स्तोत्र संपतं स्तुतीने.

विषमभुज

पण येशू त्या शेवटापर्यंत कुठे पोचला?

निर्मळा

मार्कात नाही पोचला. हे मलाही टोचतं, खोटं कशाला सांगू. योहानात मात्र 'पूर्ण झालं आहे' म्हणतो आणि मग मान टाकतो.

विषमभुज

योहान राहिलाय. लूक झाल्यावर थेट पौलावर उडी मारली होती. वाचून येतो.