प्रति: आधी एक वाक्य, मग लेख

'विकिपीडियावर लेख लिहायला लावा, मुलं आपोआप शिकतील' याला थोडी पुस्ती. २०११ साली पुण्यातल्या काही कॉलेजांत हा प्रयोग झाला होता, इंग्रजी विकिपीडियावर. बऱ्याच मुलांनी उतारे जसेच्या तसे डकवले. (जर्नलं उतरवून काढलेले आपणही त्यांना काय बोलणार!) प्रताधिकारभंग निस्तरताना तिथले जुने संपादक मेटाकुटीला आले आणि प्रयोग त्याच वर्षी गुंडाळावा लागला.

आख्खा लेख नकोच. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचं पान उघडा, संदर्भ नसलेलं एक वाक्य शोधा, ग्रंथालयात बसून त्याला पुस्तक आणि पृष्ठक्रमांक जोडा. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर), मग खऱ्या पानावर. मार्क पानाच्या वरची 'इतिहास पहा' ही कळ दाबून, यादी बघून द्यावेत. कोणी, कधी, काय बदललं ते तिथे तारीखवार दिसतं.