'उत्पन्न दुप्पट' म्हणजे कुठल्या सालाच्या दुप्पट?

बागेतला (राजापूर)
आंबा बागायतदारांना औषधं आणि फवारणीचं वेळापत्रक देणाऱ्या एका कंपनीच्या साइटवरचं 'यशोगाथा' पान नवं झालंय. ते करणाऱ्या वेबवाल्याने काल इथे लिहिलं की जुनं कोणी वाचत नव्हतं, म्हणून आता हसरा फोटो, शेतकऱ्याचं एक वाक्य आणि मोठा आकडा, बस्स. मोबाइलवर लगेच विश्वास बसतो म्हणे. वाचून राहवलं नाही.

जुन्या पानावर कलमं किती, कातळावरची की मातीतली, मोहोर कधी आला, तुडतुड्यावर काय मारलं, खर्च किती, साका (म्हणजे आतून खराब झालेला गर) किती निघाला, सगळं असायचं. लिखाण रटाळ होतं, मान्य. पण डिसेंबरात फवारणीला उभं राहताना मी तेच उघडून बघायचो. आता काय दिसतं? 'उत्पन्न दुप्पट!' अहो, हापूस वर्षाआड धरतो. गेल्या साली कलम रिकामं गेलं असेल तर यंदा काही न मारताही दुप्पट येईल. तुलना कुठल्या सालाशी केली हे न सांगता दिलेला आकडा फसवाच. आणि त्यावर भरवसा ठेवून माणसं सोनं गहाण टाकून औषधं उचलतात.

वेबवाला_चिपळूण
दादा, पहिला परिच्छेद संपायच्या आत लोक पान बंद करत होते. खरी माहिती कोणी वाचलीच नाही तर तिचा उपयोग काय? आणि ती काढलेली नाही, 'अधिक वाचा'खाली आहे. तुमच्याकडे रेंज कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. जड पान बागेत उघडतच नाही.

खळ्यातली (देवगड)
'अधिक वाचा' दाबून बघितलं. खर्च कुठेच नाही. फवारण्या किती झाल्या, तेही नाही.

आणि हसऱ्या फोटोंचं मला सांगू नका. दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा आमच्याकडे आला होता. बाबांना धुतलेला शर्ट घालायला लावला, हातात झेला (आंबे काढायची जाळीची काठी) दिला आणि शेजाऱ्यांच्या कलमाखाली उभं केलं, कारण आमच्या कलमांना त्या साली मोहोराऐवजी पालवीच फुटली होती. बाबा भिडस्त, काही बोलले नाहीत. पुढे दोन हंगाम लोक त्यांना विचारायला येत, 'कुठलं औषध हो?' त्यांना घरातून बाहेर यायची लाज वाटायची.

वेबवाला_चिपळूण
ताई, वाईट झालं. पण ते काम माझं नव्हे, त्याचा राग माझ्यावर का?

निवृत्त_कृषी (दापोली)
मूळ रोग वेगळाच आहे. दुप्पट म्हणणाऱ्या एकाही पानावर कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणायला मुळाशी ओततात ते औषध, घातलं होतं की नाही, याची नोंद नाही. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे झाडाच्या फांद्यांच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, सोबत भरपूर खत. करारदार काय करतात? बाग तीन वर्षांसाठी घेतात, दुप्पट-तिप्पट ओततात, शेणखताची एक पाटी टाकत नाहीत आणि फांद्या वाळायला लागल्या की बाग मालकाच्या पदरात. पहिल्या वर्षाचा फोटो मात्र यशोगाथेत.

करारवाला (रत्नागिरी)
काका, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मालक मुंबईला, मे महिन्यात पेट्या न्यायला येणार. राखण आमची, वणव्याची भीती आमची, वानरं आमच्या उरावर. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा कलमांखाली नुसता सडा पडला होता. पैसे आगाऊ दिलेले. एका मालकाने एक रुपया सोडला नाही. त्याची गाथा कोण छापणार?

निवृत्त_कृषी (दापोली)
वादळात तुम्ही बुडालात हे खरं, त्याबद्दल वादच नाही. पण त्याची भरपाई झाडाच्या मुळाशी ओतून काढायची? आजोबांनी लावलेलं कलम तीन वर्षांत म्हातारं होताना मी बघितलंय. माझ्या स्वतःच्या मेहुण्याच्या बागेत.

करारवाला (रत्नागिरी)
मग मेहुण्याने करार का केला ते विचारा! बाग झेपत नाही, पैसा आधी हवा, आणि दोष आम्हाला.

वकीलबाई (मालवण)
आवाज खाली घ्या दोघांनीही. वेबवाल्यांसाठी: फसव्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं 2022 पासून लागू आहेत. शेतकऱ्याला औषध फुकट दिलं असेल तर तसं ठळक सांगावं लागतं. 'अधिक वाचा'खाली दडवून चालणार नाही. त्या पानावरच्या किती जणांना फुकट मिळालं?

वेबवाला_चिपळूण
काही जणांना मिळालंय. लिहितो तसं.

आणि बागेतले दादा, तुमचा वर्षाआडचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, मी काय बागायतदार नाही. फोटोखाली सलग चार सालांचे आकडे टाकता येतील, म्हणजे दोन भरलेली, दोन रिकामी. छोटा तक्ता, पान जड होणार नाही. खर्चाचा रकाना मागून बघतो, कंपनी देईलच असं नाही. पण फोटो राहणार, आणि पाल्हाळ परत येणार नाही.

बागेतला (राजापूर)
फोटो राहू दे. माझं भांडण फोटोशी नव्हतंच. ज्याच्या बागेत वेळापत्रक पाळूनही मोहोर करपला, असं निदान एक पान हवं, आणि का करपला तेही. मला त्याच माणसाला फोन करायचाय.

वेबवाला_चिपळूण
त्याचे पैसे कुठली कंपनी देणार, दादा?

निवृत्त_कृषी (दापोली)
तक्त्यात आणखी एक रकाना घाला: बाग स्वतःची की कराराची.

करारवाला (रत्नागिरी)
घाला, खुशाल घाला. त्या रकान्याशेजारी, मालकाने शेवटचं शेणखत कुठल्या साली टाकलं, तेही लिहा.