मदत हवी आहे : बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं सिग्नल-यंत्र) शोधायचा सराव ठाण्यात कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही ठाण्याची काही मुलं-मुली स्की घेऊन गुलमर्गला चाललोय, अफरवट डोंगराच्या बाजूला, स्की पेट्रोलच्या गस्तीच्या हद्दीबाहेर. सह्याद्रीत सगळे मुरलेले, पण हिमस्खलनापुढे तो अनुभव उपयोगाचा नाही. डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्था) बुलेटिन रोज बघायचं, 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं, एवढं ठरलंय.

खरी काळजी पुढची आहे. गाडला गेलेला माणूस साधारण 15 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची आशा बरीच असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. म्हणजे शोधायचं आपणच. बीकन (अंगावर बांधायचा, सिग्नल देणारा आणि पकडणाराही), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. ग्रुपमध्ये दोन बीकन पुरेत असं एकाचं म्हणणं आहे, मला ते अजिबात पटत नाही. ज्याच्या अंगावर बीकन नाही तो सापडणार कसा?

तर ठाणे-नवी मुंबईत तीन अँटेनाचे बीकन भाड्याने कुठे मिळतील? आणि एक बीकन डब्यात घालून मातीत पुरायचा, दुसऱ्यावरचा दिशेचा बाण आणि अंतराचा आकडा बघत जवळ जायचं, शेवटी जमिनीलगत आडवा-उभा फिरवून जागा पक्की करायची, हे कुणी करवून घेईल का? माउंटेनियरिंगचा कोर्स केलेल्यांनी प्लीज कळवा. शनिवार-रविवारी येऊर, बेलापूर, कुठेही येऊ.