मदत हवी आहे: फुटबॉल आणि डोक्याला मार, कुठला आकडा खरा?

तिरपागडा:
दिवाळी अंकाला लेख द्यायचाय, संपादकबाईंनी डोकं उठवलंय. एके ठिकाणी वाचलं, १११ पैकी ११० खेळाडूंच्या मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडला. दुसरीकडे मेंदू झिजण्याच्या आजारांचा धोका साडेतीनपट, तिसरीकडे म्हणे दीडपटच. छापू कुठला? लिंका नकोत, ढीगभर आहेत. फक्त आकडा सांगा. आज रात्री पाठवायचंय.

खडूस_काका:
फुटबॉल कुठला? पायाने खेळतात तो, की अमेरिकेतला?

तिरपागडा:
मेस्सीचा हो काका. दुसरा कुठला असणार?

न्यूजर्सीकर:
मग ११० तुझा नाहीच. तो बोस्टन विद्यापीठाचा, २०१७ चा, एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंचा. तोही जपून वापरायचा. मेंदू घरच्यांनी दान केलेले, आणि जिथे माणूस आधीच बिघडलेला दिसला तीच घरं दानाला पुढे येतात. त्यावरून '९९ टक्के खेळाडूंना सीटीई' म्हणता येत नाही. पण खरी गोष्ट एनएफएलचीच आहे, मी सांगतो. तिथला माजी खेळाडू माइक वेबस्टर, त्याच्या मेंदूत सीटीई सापडल्याचा डॉक्टर ओमालूंचा निबंध २००५ मध्ये आला, तर लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं! हे लिही.

खडूस_काका:
पोरगं मेस्सी म्हणतंय, तुम्ही वेबस्टर वाढताय.

स्क्रबमधली:
साडेतीन आणि दीड, दोन्ही खरे. मोजलंय वेगवेगळं. साडेतीनपट म्हणजे ग्लासगो, २०१९: ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडू, त्यांच्यासमोर २३,००० च्या वर सामान्य माणसं, आणि मोजले ते या आजारांनी झालेले मृत्यू. दीडपट म्हणजे स्वीडन, २०२३: वरच्या विभागातले ६,००७ खेळाडू, त्यात आजाराचं निदान झालेलेही धरले. ग्लासगोच्याच अभ्यासात हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे कमी निघाले, ते मात्र कुणी छापत नाही. आणि गोलकीपरांमध्ये वाढ स्पष्ट दिसत नाही, म्हणून संशय हेडिंगवर, म्हणजे बॉल डोक्याने मारण्यावर. संशय म्हणतेय, पुरावा नाही. मूळ निबंध वाच, विद्यापीठाचं पत्रक नको.

पेठेतला_फॉरवर्ड:
भावा, निबंध राहू दे. कोल्हापुरात ये, शाहू स्टेडियमवर जुन्या खेळाडूंना गाठ. पावसात भिजलेला चामड्याचा बॉल डोक्यावर घेतलेली माणसं हायत अजून. त्यांच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

स्क्रबमधली:
जे भेटायला उरले नाहीत त्यांचं काय? भेट जरूर, पण आकड्याच्या जागी आठवण नको छापू. इंग्लंडचे फुटबॉलपटू जेफ ॲस्टल गेले तेव्हा २००२ मध्ये कोरोनरने (मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी) 'व्यवसायजन्य आजार' म्हटलं. मेंदू पुन्हा तपासून सीटीई आहे हे कळायला २०१४ उजाडलं. एका माणसाचं असं आहे.

पेठेतला_फॉरवर्ड:
म्हणजे ॲस्टलच्या घरच्यांना आधीच कळलं होतं की. तेच म्हणतोय मी.

खडूस_काका:
एवढी भांडणं कशाला? खेळातल्या कन्कशनवर (डोक्याला मार बसून मेंदूला बसणारा धक्का) तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय निवेदन आहे, ॲमस्टरडॅमचं. ते घ्या, विषय संपवा.

न्यूजर्सीकर:
काका, आधीच्या निवेदनांचे प्रमुख लेखक पॉल मॅक्क्रोरी यांनी २०२२ मध्ये वाङ्मयचौर्याच्या प्रकरणानंतर ही निवेदनं काढणाऱ्या गटाचं अध्यक्षपद सोडलं. शिवाय खर्च कोण करतं? खेळाच्या संघटनाच.

स्क्रबमधली:
ग्लासगोच्या अभ्यासालाही इंग्लंडच्या एफएचा (तिथली फुटबॉल संघटना) आणि खेळाडू संघटनेचा पैसा होता, तरी निकाल फुटबॉलला नकोसाच आला. पैसा कुणाचा ते बघायचंच, पण तेवढ्यावर निबंध कचऱ्यात टाकायचा नसतो.

अंजूची_आई:
मध्येच विचारते. तो गोलकीपर पीटर चेक घालायचा तसलं हेल्मेट मुलीसाठी घ्यावं का? पुण्यात कुठे मिळेल?

खडूस_काका:
ताई, चेकची २००६ मध्ये कवटी फुटली होती, म्हणून ते. आत मेंदू हलायचा तो हलतोच. वेगळा धागा काढा.

तिरपागडा:
दुकानं नंतर. लेख आमच्या तालुक्यातल्या शाळेच्या मुलींच्या संघावर आहे. पालक म्हणतात हेडिंग बंद करा, सर ऐकत नाहीत. त्यात एक चौकट टाकायचीय.

स्क्रबमधली:
हे आत्ता?? मग दोन्ही आकडे बाजूला ठेव. दोन्ही अभ्यास पुरुष व्यावसायिकांचे आहेत, आयुष्यभर खेळलेल्यांचे. मुली कितवीतल्या?

तिरपागडा:
पाचवी ते सातवी.

स्क्रबमधली:
चौकटीत नियम टाक. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्येच दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, ११ ते १३ ला सरावात मर्यादा घातली. इंग्लंडच्या एफएने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. सरांना हे दाखव. आणि डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, हेही लिही.

न्यूजर्सीकर:
ओमालूंवर स्वतंत्र चौकट बसेल का?

तिरपागडा:
धन्यवाद ताई, नियम टाकतो. पण संपादकबाई म्हणतायत, मथळ्यात आकडा हवाच. साडेतीनपट टाकू?

स्क्रबमधली:
नाही.

पेठेतला_फॉरवर्ड:
बाईंना कोल्हापूरला पाठव.